बेने इस्राएलांच्या सणांचीं मराठी नांवें

पिंपरी, चिंचवड आणि भोसरी या बाजूच्या पुष्कळ कारखान्यांस साप्ताहिक सुटी रविवारीं नसून गुरुवारीं असते. विजेचा भार सगळीकडे एकाच दिवशीं पडूं नये म्हणून ही व्यवस्था झाली. आतां गुरुवारीं बाजारांत गर्दी दिसली कीं नवख्या माणसासहि तिचें कारण सांगावें लागत नाहीं. एखादा समाज कोणत्या दिवशीं हातांतलें काम खालीं ठेवतो यावरून त्याची ओळख पटते, हें पूर्वींच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यांतील खेडुतांस फार दिवसांपासून ठाऊक होतें. तेलाचे घाणे चालविणारे जे लोक शनिवारीं घाणा जुंपीत नसत, त्यांस शेजाऱ्यांनीं ‘शनवार तेली’ असें नांव दिलें. हेच बेने इस्राएल. अलिबागजवळ नवगांवच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया वांचल्या, त्यांचे आपण वंशज, अशी त्यांची परंपरागत समजूत आहे.

या समाजाचा इतिहास त्याच समाजांतील एका गृहस्थानें प्रथम विस्तारानें लिहिला. हाईम सॅम्युएल किहिमकर यांनीं 1897 सालीं आपला इंग्रजी ग्रंथ लिहून पुरा केला, आणि तो 1937 सालीं तेल अवीव येथें छापून निघाला. तेव्हां ग्रंथकर्ते हयात नव्हते. नांवावरूनच किहीमचे असलेले हे गृहस्थ आपल्या लोकांच्या चालीरीती घरच्या माणसाच्या नजरेनें टिपतात. सणांविषयीं त्यांनीं जी माहिती दिली आहे तीबद्दल मराठी वाचकानें त्यांचें ऋण मानिलें पाहिजे. मात्र त्या माहितीचा त्यांनीं जो उपयोग केला, त्याविषयीं आमचा मतभेद आहे, आणि तोच येथें मांडावयाचा आहे.

प्रथम माहिती. धर्मग्रंथ हरपले, हिब्रू भाषा विसरली. शेमा ही प्रार्थना, सुंता, शब्बाथ, खाण्यापिण्याचे निर्बंध आणि कांहीं सण एवढेंच या लोकांपाशीं उरलें. सण उरले, पण त्यांचीं मूळ नांवें उरलीं नाहींत. हिब्रू वर्षारंभाचा रोश हशाना हा ‘नव्याचा सण’ झाला. त्याच महिन्यांत नव्या तांदुळाची खीर करून ऊद जाळीत, तो ‘खिरीचा सण’. प्रायश्चित्ताचा योम किप्पुर हा ‘दारफाळणीचा सण’, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीं ‘शिळा सण’. पुरीम हा ‘होळीचा सण’. मिसर देशांतून सुटकेचा पेसाह हा ‘अनाशी ढाकाचा सण’. यरुशलेमच्या मंदिराच्या नाशाचा शोकदिन, अव महिन्याची नवमी, तो ‘बिरड्याचा सण’. यांखेरीज रोजा, रमजान आणि एलियाहू हन्नाबीचा उरूस हीं नांवें आहेत. तीं मुसलमान शेजाऱ्यांकडून आलीं हें उघडच आहे.

ही यादी वाचून विद्वानांस सहसा दोन गोष्टी सुचतात: एक तर हें धर्माचें विस्मरण आहे, आणि दुसरें, हें हिंदु चालींचें अनुकरण आहे. आम्हांस दोन्ही निदानें उथळ वाटतात.

अनाशी ढाकाचा सण घ्या. पेसाहाचे आठ दिवस घरांत खमीर असूं नये, आंबविलेलें कांहीं खाऊं नये, अशी आज्ञा आहे. ती आज्ञा गव्हाची फुगलेली भाकर खाणाऱ्या देशांत झाली. आतां कोंकणांतल्या घरांत ती कोणी कशी पाळावी? तेथें तांदुळाची भाकरी. ती थापली आणि भाजली, तिला खमीर कधीं शिवतच नाहीं. आज्ञा अक्षरशः पाळली तर वर्षाचे सर्वच दिवस पेसाहाचे ठरतात, म्हणजे सण नाहींसाच होतो. परंतु त्याच स्वयंपाकघरांत एक भांडें असें होतें कीं ज्यांतला पातळ पदार्थ आंबूनच कामास येई, आणि जेवणांत तोंडीं लावण्यास घेतला जाई. त्याचें नांव अनास. सणाच्या दिवसांत तें भांडें झांकून ठेवावयाचें, त्यास हात लावावयाचा नाहीं, असा परिपाठ पडला. ज्यांनीं हा परिपाठ पाडिला त्यांस तोरा वाचतां येत नव्हता, इतकेंच काय, मिसर देशाची कथाहि त्यांपैकीं पुष्कळांस ठाऊक नसेल. पण आंबलेल्या पदार्थाचा त्याग हें त्या आज्ञेचें मर्म आहे, हें त्यांच्या हातांस ठाऊक होतें. हें अनुमान आमचें आहे, किहिमकरांचें नव्हे. तथापि शब्द विसरून अर्थ राखण्याचें याहून स्वच्छ उदाहरण आमच्या वाचनांत नाहीं.

बिरड्याचेंहि तसेंच. ज्यू लोकांत शोकाच्या प्रसंगीं मसुरासारखें द्विदल धान्य खाण्याची जुनी रीत आहे. कोंकणांत वाल पिकतो. मोड आणून सोललेल्या वालांचें बिरडें झालें, आणि मंदिराच्या नाशाचें दुःख त्या बिरड्याच्या नांवानें चालत राहिलें. या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं श्रावणांत डाळिंब्या सोलीत बसण्याची रीत आहे, त्यांस ती नखें दुखविणारी कामगिरी आठवेल. शोकदिनाच्या जेवणास ती शोभते असें म्हटल्यास थट्टा समजूं नये.

दारफाळणी म्हणजे दारें लावून घेणें. त्या दिवशीं पांढरीं वस्त्रें नेसून, उपवास धरून, परक्याचा स्पर्श टाळून लोक घरांत बसत. पूर्वज आदल्या रात्रीं घरीं येतात आणि शिळ्या सणास परत जातात अशी समजूत असे. शिळ्या सणास दानधर्म आणि भेटीगांठी होत. योम किप्पुरच्या अखेरच्या प्रार्थनेस हिब्रूंत ‘नेइला’, म्हणजे दारें मिटणें, असें नांव आहे. त्या नांवाचाच हा प्रतिध्वनि, असें मानण्याचा मोह होतो. पण त्यास पुरावा नाहीं, म्हणून आम्ही तो आवरतों. अनुकरणाचा आक्षेप मात्र येथें साफ ढासळतो. ही तिथि पुष्कळ वर्षीं आपल्या दसऱ्याच्या जवळपास येते. 2024 सालीं तर नव्याचा सण आणि घटस्थापना एकाच दिवशीं, 3 ऑक्टोबरास आली, आणि दारफाळणी व दसरा हे दोन्ही 12 ऑक्टोबरास आले. ज्या दिवशीं शेजारी आपट्याचें सोनें वांटीत दारोदार फिरतात, त्याच दिवशीं हे लोक दार लावून बसत. यास अनुकरण कोण म्हणेल?

होळीच्या नांवाचें कारण निराळें, आणि तें पंचांगांत आहे. पुरीम पौर्णिमेच्या सुमारास येतो, होळीहि पौर्णिमेची. दोन्ही पंचांगांत चांद्रमास आहेत आणि अधिक महिना घालून त्यांचा सूर्याशीं मेळ राखिला जातो. ज्यूंच्या गणितांत एकोणीस वर्षांत सात अधिक महिने येतात. म्हणून 2024 च्या मार्चांत 24 तारखेस पुरीम आणि होळी एकत्र आलीं. पण अधिक महिना दोन्हीकडे एकाच वर्षीं पडत नाहीं, त्यामुळें 2021 सालीं पुरीम 26 फेब्रुवारीस आणि होळी 28 मार्चास, असें महिन्याचें अंतर पडलें. ज्याच्यापाशीं स्वतःचें लिखित पंचांग नाहीं त्यानें शेजाऱ्याच्या पौर्णिमेवर खूण बांधिली, यांत नवल तें काय?

आतां किहिमकरांच्या अनुमानाकडे वळूं. या जुन्या सणांत हनुक्का नाहीं. हनुक्का हा मक्काबी वीरांनीं ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकांत मंदिर शुद्ध केलें त्याचा दीपोत्सव. तेव्हां तो ज्यांस ठाऊक नाहीं ते लोक त्यापूर्वींच स्वदेश सोडून निघाले असले पाहिजेत. आणि ग्रंथकार ख्रिस्तपूर्व 175 हें साल नक्की करितात. आपल्या लोकांची प्राचीनता सिद्ध व्हावी ही त्यांची तळमळ आम्ही समजूं शकतों. कोचीनकर आणि बगदादी धर्मबंधु ज्यांच्या ज्यूपणाविषयींच शंका घेत, अशा समाजांतील लेखकास पुराव्याची हांव सुटावी हें स्वाभाविक आहे. पण हा न्याय टिकत नाहीं. मराठी नांवांच्या वरील यादींत शाबुओथहि नाहीं, आणि त्या सणाची आज्ञा तर प्रत्यक्ष तोरांत आहे. मग हे लोक मोशेच्याहि पूर्वीं निघाले असें म्हणावयाचें काय? जें नाहीं त्यावरून काळ ठरवूं गेलें कीं असें होतें. जें विसरलें त्याची मोजदाद करण्यापेक्षां जें उरलें तें कां उरलें हें पाहणें अधिक फलदायी होतें. आणि जे उरले त्यांपैकीं बहुतेक सण चुलीपाशीं किंवा उंबऱ्यापाशीं आहेत. ग्रंथ नसतां ते टिकले याचें श्रेय, आमच्या मतें, घरांतील स्त्रियांचें आहे. कोचीनहून आलेल्या दाऊद राहबीची कथाहि हेंच सांगते: खवले आणि पर असलेलेच मासे निवडणाऱ्या बायकांवरून त्यानें या लोकांस ओळखलें.

पुढें ग्रंथ आले. पेसाहाच्या रात्रीं वाचावयाची हग्गादा 1846 सालीं मुंबईंत मराठी भाषांतरासह निघाली, आणि 1874 सालीं पुण्यास दुसरी निघाली. पुण्याच्या प्रतींत चित्रें आहेत, आणि त्यांत बिनखमिराच्या भाकरी करणाऱ्या बायका लुगडीं नेसलेल्या आहेत. चित्रकारानें विद्वानांपेक्षां अधिक पाहिलें असें आम्हांस वाटतें. परंतु छापील हिब्रू नांव आलें कीं मराठी नांव गांवढळ ठरतें. 1948 नंतर समाजाचा मोठा भाग इस्राएल देशीं गेला. येथें राहिलेल्यांस महाराष्ट्र सरकारनें 2016 सालीं अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. अलीकडच्या लेखांत आणि माहितीपत्रकांत सणांचीं हिब्रू नांवें शुद्ध छापलेलीं असतात. दारफाळणी किंवा अनास यांचा पत्ता नसतो. हें लिहिणारे बहुधा सद्भावनेनें लिहितात, आणि म्हणूनच दोष लवकर दिसत नाहीं.

चिंचवडाहून निघून रास्ता पेठेंत गेल्यास 1921 सालचें बेने इस्राएलांचें प्रार्थनामंदिर लागतें. त्याचें नांव सुक्कथ शेलोमो, म्हणजे शलमोनाचा मांडव; मांडवांच्या सणाचा, सुक्कोथचा, शब्द त्या नांवांतच आहे. जुन्या खिरीच्या सणांत कित्येक विद्वानांस याच सुक्कोथची खूण दिसते. वर्षाच्या सणांचें एखादें पत्रक पुढें कोणी छापील, तर त्यांत सुक्कोथच्या शेजारीं, त्याच ओळींत आणि त्याच टाइपांत, ‘खिरीचा सण’ हींहि अक्षरें असावींत, एवढीच आमची सूचना आहे. एलियाहू हन्नाबीच्या मलिद्याच्या बाबतींत ही सूचना करावी लागत नाहीं. पोहे, खोबरें, साखर आणि फळें यांचें तें ताट इस्राएल देशांतल्या घरांतहि मांडिलें जातें, आणि तेथेंहि त्यास मलिदाच म्हणतात.