शालेय आंतरजाल-साधने व विद्यार्थ्यांची सुरक्षितता : एक चिकित्सा

शालेय आंतरजाल-सुरक्षिततेचा विचार आपल्याकडे प्रायः ‘पासवर्ड कोणास सांगू नये’ या उपदेशापाशीच थांबतो. ही मांडणी अपुरी आहे; किंबहुना ती जबाबदारी मुलांवर ढकलते. ‘दीक्षा’ या शासकीय व्यासपीठावरील सुमारे 6 लाख विद्यार्थ्यांची व 10 लाखांहून अधिक शिक्षकांची माहिती असुरक्षित साठ्यात उघडी राहिल्याचे जानेवारी 2023 मध्ये ‘वायर्ड’ने उघडकीस आणले. मुलांचे दूरध्वनी क्रमांक अंशतः झाकलेले होते; नाव, शाळा व अभ्यासाची प्रगती मात्र उघडी होती. यात कोणत्या मुलाने पासवर्ड सांगितला होता?

2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने 18 वर्षांखालील मुलांसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती सांगितली. नोव्हेंबर 2025 च्या नियमांनी शैक्षणिक कार्य व मुलांची सुरक्षितता यांपुरती शिक्षणसंस्थांना सवलत दिली. ‘शैक्षणिक कार्य’ ही संज्ञा येथे फारच सैल वाटते. व्हॉट्सॲप-गटात टाकलेली गुणपत्रिका त्यात बसते काय? गटातील प्रत्येकास इतरांचा क्रमांक दिसतो, हे वेगळेच. छत्रपती संभाजीनगरच्या शाळांनी निदान एवढे करावे : कोणते साधन, कोणती माहिती व किती काळ, हे पालकसभेत मराठीतून लेखी द्यावे.