पदकाची कड आणि पुसलेले नाव

जुने गणवेश, बिल्ले, पदके जमवणाऱ्यांच्या जगात ‘अस्सल’ हा शब्द फार स्वस्तात वापरला जातो. वस्तू त्या काळात तयार झाली एवढे सिद्ध झाले की ती अस्सल. ती कुणाच्या अंगावर होती, हा प्रश्न किंमत ठरवण्यापुरता. या निकषाशी माझे भांडण जुने आहे. पण आधी त्याची बाजू मांडली पाहिजे, कारण त्याने मलाही अनेकदा फसण्यापासून वाचवले आहे.

बिल्ल्यांचेच घ्या. १९२२च्या पुनर्रचनेत १०३, ११०, ११७ आणि इतर मराठा पलटणी एकत्र येऊन ‘पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री’ झाली. तेव्हाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘टी’ दोन होते आणि ‘एच’ हा ‘आर’च्या आधी येई. आजचे स्पेलिंग स्वातंत्र्यानंतरचे. मुकुटाची साक्ष त्याहून पक्की. एलिझाबेथ राणीचा, मधोमध खोलगट कमानीचा मुकुट ब्रिटिश बिल्ल्यांवर १९५३पासून आला. आपल्या लष्कराने १९५०मध्येच मुकुट उतरवून अशोकाचे सिंह घेतले होते. त्यामुळे हा मुकुट भारतीय पलटणीच्या बिल्ल्यावर दिसला, तर तो बिल्ला कुणा सैनिकाने कधी लावलेलाच नाही. तरी असे बिल्ले बाजारात येतात आणि खपतातही.

कापडाची परीक्षा इतकी सरळ नाही. शिलाईचा धागा जाळला तर सुताची राख होते, पॉलिएस्टरची कडक गोळी. दुसऱ्या महायुद्धातल्या गणवेशात पॉलिएस्टर असण्याचे कारण नाही. पण तो कोट घरी आल्यावर पुढे तीस वर्षे शेतात वापरला गेला असेल, उसवलेली बाही कुणी हाताशी होता त्या धाग्याने शिवली असेल, तर? अतिनील दिव्याचेही तसेच. धुण्याच्या पावडरीतली चमकद्रव्ये त्या उजेडात निळसर झळकतात, म्हणून झळकणारे कापड नकली समजतात. खरा कोट कुणी एकदाच पावडरीत धुतला की तोही आरोपी ठरतो. संग्राहक अशा कोटाची प्रत खाली लावतात. न वापरलेला, कोठारातल्या घडीचा कोट त्यांना उत्तम वाटतो. म्हणजे जो कुणाचाच झाला नाही तो सर्वांत अस्सल. मला हे उलटे वाटते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. पहिल्या महायुद्धाचे ब्रिटिश वॉर मेडल साठ लाखांहून अधिक जणांना मिळाले. एका बाजूला पाचवा जॉर्ज, दुसरीकडे घोडेस्वार आणि १९१४, १९१८ ही साले. व्यास ३६ मिलिमीटर, सुमारे औंसभर चांदी. सगळी पदके सारखी; वेगळेपण फक्त कडेवर ठोकलेल्या अक्षरांत : क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण. क्रमांकावर एकट्याने विसंबता येत नाही, कारण हिंदी फौजेत प्रत्येक पलटणीचे क्रमांक स्वतंत्र होते.

कडेवर १०३, ११० किंवा ११७ दिसले की विक्रेत्याचा आवाज बदलतो. या तिन्ही पलटणी मेसोपोटेमियातल्या कुत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ला तिथल्या फौजेने शरणागती पत्करली आणि कैदेत पुष्कळ जण मेले. अशा पदकाला भाव जास्त. म्हणून साध्या पदकाची कड कानसून तिच्यावर कुतचे नाव ठोकायचा धंदा आहे.

माझ्याकडे असे एक आले. मी हौसेने घेतले, घरी येऊन व्हर्निअर लावला. एका अंगाने व्यास पुरा भरला, दुसऱ्या अंगाने कमी. अक्षरे उथळ खळग्यात बसलेली. जाणकार मित्र म्हणाले, “चांदीच्या भावाने देऊन टाका.” १९८०च्या सुमारास चांदी भडकली तेव्हा अशी किती पदके, नकली नव्हे तर पूर्ण खरी, वितळली याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

मी ते दिले नाही. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि ज्यांची थडगी नाहीत अशांसाठी बसऱ्याचे स्मारक उभारले, त्यात अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. हिंदी शिपायांची पलटणवार संख्या तेवढी. युद्धसमाधी आयोगाच्या समितीने २०२१मध्ये आपल्या अहवालात या विषमतेची कबुली दिली. याचा अर्थ असा, की त्या आघाडीवर मेलेल्या साताऱ्याच्या किंवा रत्नागिरीच्या एखाद्या शिपायाचे नाव सरकारने धातूत उमटवले असेल, तर ते बहुधा या कडेवरच. संग्राहकांच्या मार्गदर्शिका नाव बदललेल्या पदकाला ‘सदोष’ म्हणतात, जणू रंग उडाला आहे. फसवणूक विकत घेणाऱ्याची होते, हे त्यांना दिसते. ज्याचे नाव कानसले त्याची दखल त्यांच्या शब्दसंग्रहात नाही.

माझ्या पदकावरचे नवे नाव मी इथे देत नाही. तो माणूस खरा असेल, त्याचे वारस असतील, आणि त्याचे स्वतःचे पदक आणखी कुठे असेल. ठसा खोल बसला असेल तर खालचा धातू दबलेला राहतो, म्हणून जुन्या नावासाठी मी तिरक्या उजेडात भिंगाखाली कड फिरवत असतो. नव्या पलटणीच्या आकड्यानंतर थोडी मोकळी जागा आहे. तिथे दोन उभ्या रेघा आहेत, मधली आडवी रेघ कधी दिसते, कधी नाही. ‘एच’ असावा.