ओठाला ओठ न लावणारी बारामती

शाळेच्या बुकातली गावं खोटी नसतात, अर्धी असतात. पण ते अर्धं गावच अख्खं म्हणून पोरांच्या डोक्यात बसवलं जातं. बारामती त्यातलीच.

आम्हा इंदापूरकडच्या पोरांना बारामती एसटीच्या आधी मराठीच्या तासाला भेटली. कऱ्हा दुथडी भरलेली, काठावर मोरोपंत, आर्या सुचतायत. सगळं कसं सोवळं. गिरणीत लागल्यावर एका सुट्टीला मुद्दाम बघायला गेलो. कऱ्हा आटलेली. काठावर बाबूजी नाईकांचा दांडगा वाडा. मोरोपंत पराडकर (1729–1794) ह्याच सावकाराच्या आश्रयाला होते, पुराण सांगत होते. आमच्या तासाला पंत होते, वाडा नव्हता. कवीला कोण पोसतं हे सांगितलं, की कविता आभाळातून पडत नाही हे पोरांना कळतं. आणि मग पोरं पुढचं विचारतात: वाड्याचे दगड कुणी फोडले? दाण्याची रास कुणाच्या रानातून आली?

आता पंतांना नुसत्या शिव्या घालून भागत नाही. माणूस पक्का कारागीर. अख्खं महाभारत त्यांनी आर्येत बसवलं. नीट मोजलं तर त्यातल्या बहुतेक गीती आहेत, ओळीला 30 मात्रा. साच्यावर धागे मोजणाऱ्याला ही मोजणी लगेच कळते.

पण कारागिरी कशासाठी? पंतांनी 108 रामायणं लिहिली असं सांगतात. त्यातलं एक निरोष्ठ. म्हणजे ओठाला ओठ लागेल असं अक्षर घ्यायचं नाही. प, फ, ब, भ, म बाद. रामाची कथा सांगायची, पण 'राम' म्हणायचं नाही! पंडित माना डोलावतात. आपण जरा वेगळं वाचू. इथं ओठालाच ओठाचा विटाळ. ह्या नियमात कोणते शब्द येऊ शकत नाहीत? महार. मांग. भाकर. पाणी. काम. बाप. भीम.

पंतांनी हे आपल्याला वगळायला केलं, असं माझं म्हणणं नाही. तो अक्षरांचा खेळ होता. पण काळ पेशवाईचा. पुण्यात अस्पृश्याच्या गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू असायचा, हे बाबासाहेबांनी 1936 साली, लाहोरला न झालेल्या भाषणात लिहून ठेवलंय. त्याच काळात भाषेला असला खेळ खेळायची फुरसत होती. ती फुरसत कुणाच्या कष्टावर, हा समीक्षेचा प्रश्न आहे. समीक्षक अलंकार मोजतात, हे मोजत नाहीत.

आणि गड्यांनो, आपण तरी अख्खं गाव लिहितो का? आपल्या कवितेत गाव म्हणजे गावकूस, उकिरडा, शिवी. तेही आता पाठ झालंय, धड्यासारखं. बारामती-इंदापुरात नीरा डावा कालवा आहे, ऊस आहे, साखर कारखाने आहेत. फडाच्या कडेला कोप्या आहेत, मोळ्या बांधणाऱ्या बाया आहेत. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी पाण्याला हात लावला. कालव्याचं पाणी कुणाच्या रानात वळतं, कुणाच्या बांधाशी थांबतं, हे आपल्या किती कवितांत आहे?

पंतांची मोजणी घ्या, सोवळं टाका. धड्यात पाठ केलेलं गाव पायानं तुडवून या. उरलेलं अर्धं लिहा, आणि म्हणताना ओठाला ओठ लागू द्या.

जयभीम.