चकाकी कुठे थांबावी?

पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत हस्तकलेच्या साहित्याचे दुकान गाठले, की एक फळी हमखास सोनेरी दिसते. सोनेरी, रुपेरी आणि तांबूस वर्खाच्या वह्या, बरणीत भरलेला वर्खाचा चुरा, फॉइलचे रोल, टेक्श्चर पेस्टचे डबे, आरशाचे तुकडे, एमडीएफचे कापून ठेवलेले गोल आणि चौकोन. रंग, ब्रश आणि कॅनव्हास घ्यायला तिथून अप्पा बळवंत चौक काही लांब नाही. मिश्र माध्यमातले भिंतीवरचे पॅनेल घरी करायला लागणारे सगळे साहित्य पुण्यात आज एका फेरीत मिळते. शनिवार-रविवारच्या कार्यशाळांमधून ते वापरायला शिकणाऱ्यांची, त्यातही बायकांची संख्या मोठी आहे. दिवाणखान्यातला गणपती, दाराशेजारचा मोर, जिन्यातला बुद्ध, लग्नाच्या रुखवतात मांडलेली चौकट अशा अनेक रूपांत हे काम शहरभर दिसते.

एवढे काम होत असूनही त्यावर बोलले मात्र फारसे जात नाही. चित्रकलेची समीक्षा त्याला हौस म्हणून बाजूला ठेवते, हस्तकलेची प्रदर्शने त्याकडे विक्रीची वस्तू म्हणून पाहतात. करणारीला मिळणारी दाद बहुतेक वेळा ‘सुंदर!’ या एका शब्दावर संपते. ज्या कामात एखादी बाई आठवडेच्या आठवडे घालवते, त्याला याहून अधिक गंभीर वाचन मिळायला हवे. शिवाय या कलेला पुण्याच्याच परिसरात एक जुनी, समृद्ध परंपरा आहे आणि आजच्या कामातले काय भक्कम आणि काय कच्चे, हे तिच्याकडे पाहिल्यावर नीट कळते.

1878 मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात चित्रशाळा सुरू केली. देवदेवतांची आणि इतिहासपुरुषांची रंगीत शिळाछापाची चित्रे तिथून मराठी घरांच्या भिंतींवर गेली. पुढे राजा रविवर्मा यांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि शतकाच्या अखेरीस तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला. लक्ष्मी, सरस्वती, दमयंती, शकुंतला ही चित्रे या छापखान्याच्या दगडांवरून छापली जाऊ लागली आणि सामान्य घराला परवडू लागली.

चित्र घरी आल्यावर मात्र काही घरांत बायकांच्या हातून त्याचे दुसरे आयुष्य सुरू होई. छापील लक्ष्मी पुठ्ठ्यावर किंवा कापडावर चिकटवायची, तिच्या लुगड्याच्या आकाराचे खरे कापड कापून, आत थोडा कापूस भरून वर बसवायचे, काठाला जर टाकायची, दागिन्यांच्या जागी टिकल्या, मणी आणि मोती शिवायचे. जरीकाम केलेली अशी चित्रे जुन्या घरांत, जुन्या बाजारात आणि संग्राहकांकडे आजही पाहायला मिळतात. मिश्र माध्यम हा शब्द आपल्याकडे रुळण्याच्या कितीतरी आधी हे मिश्र माध्यमच होते. छापलेला कागद, कापड, धातू आणि काच एकाच चौकटीत नांदत होते.

या चित्रांपैकी चांगले एखादे जवळून पाहावे. नजर प्रथम चकाकीवर जाते आणि लगेच तिथून सुटून चेहऱ्यावर येते, कारण चेहरा, हात आणि पावले यांना सुई लागलेलीच नसते. ती छापील, मऊ आणि सपाट तशीच ठेवलेली असतात. जर फक्त वस्त्रावर आणि दागिन्यावर असते, म्हणजे मुळातही जिथे धातू असता तिथेच. चकाकीला घातलेल्या या मर्यादेमुळे देवीचा चेहरा जिवंत राहतो. चित्रकलेचे शिक्षण न घेतलेल्या त्या बायकांनी हा निर्णय पुन्हा पुन्हा अचूक घेतलेला दिसतो.

हाच निर्णय आणखी दोन ठिकाणी भेटतो. पहिले ठिकाण तंजावर. तिथली चित्रशैली मराठा राजांच्या आश्रयाने बहरली आणि सरफोजीराजे दुसरे (1798 ते 1832) यांच्या काळात तिला विशेष वैभव आले. फणसाच्या लाकडाची फळी, तिच्यावर कापड, त्यावर खडूची भुकटी आणि चिंचोक्याची खळ यांचा लेप, दागिन्यांच्या जागी उठाव, त्यावर सोन्याचा पत्रा आणि खडे असा हा क्रम. सोने दागिन्यांवर, सिंहासनावर आणि महिरपीवर चढते. बाळकृष्णाची कांती रंगाचीच राहते. दुसरे ठिकाण व्हिएन्ना. गुस्टाफ क्लिम्टच्या 1907-08 सालच्या ‘द किस’ या चित्रात दोघांची वस्त्रे सोन्याने भरली आहेत, पण चेहरे आणि हात तैलरंगात, ब्रशने रंगवलेले आहेत. इतक्या वेगवेगळ्या तीन परंपरा एकाच जागी थांबतात, तेव्हा त्या थांबण्यामागे नजरेचा काहीतरी खरा नियम असतो. धातू प्रकाश परत फेकतो आणि कातडी तो मुरवून घेते. दोन्ही शेजारी असली, तरच दोन्ही जाणवतात.

पुण्यात आज होणारी बरीच पॅनेल्स इथेच कमी पडतात. गणपतीची सोंड सोनेरी, कपाळ सोनेरी, मुकुट सोनेरी, मागचे वलयही सोनेरी. बुद्धाचा चेहरा वर्खाने मढवलेला आणि पार्श्वभूमीवर पुन्हा वर्खाचा चुरा. सगळेच चमकते, म्हणून काहीच उठून दिसत नाही. मोबाइलच्या फोटोत असे पॅनेल दिमाखदार दिसते. भिंतीवर टांगून महिना झाला की त्याच्याकडे नजर जाणे थांबते.

दोष कौशल्याचा नाही. हाताचे कौशल्य या शहरात भरपूर आहे आणि वर्ख बसवणे हे नाजूक काम अनेकजणी फार चांगले करतात. त्याची रीत अशी. एमडीएफची फळी घासून, कडांसकट प्रायमरचे दोन हात द्यायचे. कडा विसरल्या की पुण्याच्या पावसाळ्यात त्या ओल पितात आणि फुगतात. मग पॅलेट नाइफने किंवा स्टेन्सिलमधून टेक्श्चर पेस्ट लावून उठाव करायचा आणि तो पूर्ण वाळू द्यायचा. उठावावर गेरूसारखा तांबडा रंग द्यायचा. वर्ख कुठे चिरला तर फटीतून तो तांबडा डोकावतो आणि सोनेरीला ऊब देतो. पांढऱ्यावर थेट लावलेला वर्ख थंड आणि उपरा वाटतो. त्यानंतर वर्खाचा गोंद. लावताना तो दुधाळ असतो, हळूहळू पारदर्शक होतो. बोटाचे पेर टेकवून उचलले की गोंदाने ते नुसते धरून सोडले पाहिजे, बोटाला लागता कामा नये. ती वेळ साधली की वर्ख ठेवायचा, मऊ ब्रशने बसवायचा, सुटलेले तुकडे झाडून बरणीत जमा करायचे आणि शेवटी वरून संरक्षक थर द्यायचा.

यातली प्रत्येक पायरी वाट पाहायला लावते. दोन-तीन तासांत तयार पॅनेल घरी न्यायचे असा कार्यशाळेचा बेत असला, की पहिला बळी या वाट पाहण्याचाच जातो. अर्धवट वाळलेल्या पेस्टला पुढे तडे जातात, ओल्या गोंदात वर्ख बुडून निस्तेज होतो. शिकवणाऱ्यांनी हेच काम दोन बैठकांत वाटले, तर शिकणाऱ्यांच्या हाती कितीतरी अधिक काही लागेल.

साहित्याबद्दलही स्पष्ट बोलण्याची गरज आहे. खऱ्या सोन्याचा वर्ख मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतका पातळ असतो आणि तो काळवंडत नाही. बाजारात स्वस्तात मिळणारा सोनेरी वर्ख बहुतेक वेळा पितळेचा, म्हणजे तांबे आणि जस्ताचा असतो. वरून थर दिला नाही, तर हवेने आणि हाताच्या घामाने तो तपकिरी-हिरवट पडतो. रुपेरी वर्ख बहुधा ॲल्युमिनियमचा असतो. रोलमधले फॉइल म्हणजे प्लास्टिकच्या पातळ पट्टीवर चढवलेला ॲल्युमिनियमचा सूक्ष्म थर आणि वर पिवळा रंग. वरून ओतलेले इपॉक्सी रेझिन उन्हाने पिवळे पडत जाते. यातले कोणतेही साहित्य वापरण्यात कमीपणा नाही. पितळेचा वर्ख आपल्या गुणांनी सुंदर आहे. पण विकत घेणाऱ्याला ‘गोल्ड लीफ’ एवढेच सांगणे पुरेसे नाही. कोणता धातू आहे, वर काय लावले आहे, ऊन चालेल की नाही, हे सांगणे विक्रेत्या कलावंताचे कर्तव्य आहे.

उजेडाचा विचार नसणे ही दुसरी मोठी उणीव. समईच्या किंवा कंदिलाच्या उजेडात जुन्या चित्रांतल्या टिकल्या आणि जर ज्योतीसोबत हलत, माणूस सरकला की चित्राचा वेगळा भाग उजळे. आज पॅनेल टांगले जाते ते छतातल्या एलईडीखाली. वरून सरळ पडणाऱ्या त्या उजेडात गुळगुळीत फॉइल पांढरे फटक दिसते आणि उठाव चपटा होतो. म्हणून पॅनेल कुठे लागणार, उजेड कोणत्या बाजूने येणार, पाहणारा चालत येणार की समोर बसणार, हे आधी विचारून मग वर्खाच्या जागा ठरवायला हव्यात. काही जाणत्या कलावंत तसे करतात. त्या खिडकीच्या बाजूला वर्ख मोजका ठेवतात, सावलीच्या बाजूला खडबडीत पोतावर तो नुसता टेकवतात. अशा कामातला सोनेरी रंग सकाळी एक असतो आणि संध्याकाळी दुसरा. या कलेची खरी ताकद तिथे दिसते.

सर्वांत मोठी उणीव मात्र रेषेची आहे. किटमधले स्टेन्सिल, लेझरने कापलेला मोर, इंटरनेटवरून उतरवलेला बुद्ध यांनी सुरुवात करायला हरकत नाही. पण त्यावरच थांबले की शंभर घरांत एकच पॅनेल दिसते. पुण्याच्या इतिहासातले एक उदाहरण इथे मोलाचे आहे. 1790 च्या दशकात पेशवे दरबारातला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या पुढाकाराने इथे चित्रकलेची शाळा उभी राहिली. तिथे जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराच्या हाताखाली गंगाराम तांबट शिकले आणि त्यांनी वेरूळची लेणी रेखाटली. धातू घडवणाऱ्या समाजातला हा माणूस समोरची वस्तू पाहून रेषा काढायला शिकला आणि त्याची रेखाटने आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. धातूकामाचा वारसा असलेल्या माणसाला रेषा मिळाली की काय होते, याचा हा पुरावा आहे. आजच्या कार्यशाळांनी पहिला तास पेन्सिलीला दिला, पर्वतीची चढण, वाड्याची कमान, अंगणातली तुळस पाहून काढायला लावली, तर विषयांची चणचण उरणार नाही.

धातूही आपल्या शहरातच आहे. कसबा पेठेतल्या तांबट आळीत तांब्याच्या पत्र्यावर हातोड्याने ठोके घालून केलेले मठारकाम अजून चालते. मठारलेल्या पत्र्याचा एक छोटा तुकडा पॅनेलमध्ये बसवला, तर वर्खापेक्षा वेगळे वजन आणि वेगळा उजेड मिळतो, शिवाय त्या कारागिराला काम मिळते. वर्ख, मठारलेले तांबे आणि जुन्या पैठणीचा जरीकाठ या तीन धातूंच्या तीन स्वभावांवर एखादे संपूर्ण प्रदर्शन उभे राहू शकेल. बालगंधर्व कलादालन किंवा घोले रस्त्यावरचे राजा रविवर्मा कलादालन अशा ठिकाणी, सोबत जुनी जरीकामाची छापील चित्रे मांडून ते भरवावे. जुने आणि नवे शेजारी लागले की नव्याची परीक्षा आपोआप होईल.

एकूण पाहता ही कला आज साहित्याने श्रीमंत आहे, हाताने तयार आहे आणि दृष्टीने अजून अपुरी आहे. दृष्टी येते ती रेषेच्या सरावातून आणि स्पष्ट समीक्षेतून. दोन्ही या शहराला अवघड नाही.

जरीकाम करणाऱ्या त्या बायकांची नावे आपल्याला माहीत नाहीत, कारण चित्रांवर ती कोणी लिहिलीच नाहीत. निदान आपल्या पिढीत तसे होऊ नये. पॅनेल करणाऱ्या प्रत्येकीने मागच्या बाजूला आपले नाव, साल, गाव आणि वापरलेले साहित्य लिहावे. आणि ज्यांच्या घरी आजीच्या हातचे जरीचे चित्र असेल, त्यांनी त्याची जर उसवू नये, त्याला लॅमिनेशन करू नये. उन्हापासून आणि ओलीपासून ते लांब ठेवावे आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून, ते कोणी केले एवढे तरी आजच लिहून ठेवावे.