एका वाक्यातली वजाबाकी

‘द क्वीन्स गॅम्बिट’ ही सात भागांची मालिका ऑक्टोबर २०२०मध्ये नेटफ्लिक्सवर आली आणि बुद्धिबळाशी फारसा संबंध नसलेल्या घरांतही पट मांडले गेले. अनाथाश्रमातली बेथ हार्मन तिथल्या तळघरात एका सफाई कामगाराकडून हा खेळ शिकते आणि अखेर मॉस्कोत सोव्हिएत जगज्जेत्याला हरवते. पुरुषांच्या खेळात एका मुलीने मिळवलेला विजय म्हणून मालिकेचे कौतुक झाले. शेवटच्या भागात समालोचकाच्या तोंडी असलेले एक वाक्य मात्र मला या कौतुकाच्या आड येणारे वाटते.

समालोचक सांगतो, की बेथचे वेगळेपण ती स्त्री असण्यात आहे, आणि रशियात तेही नवे नाही; नोना गाप्रिंदाश्विली आहेच, पण ती महिलांची जगज्जेती असून पुरुषांशी कधी खेळलेली नाही. नोना हे काल्पनिक पात्र नव्हे. जॉर्जियाची ही खेळाडू १९६२ ते १९७८ अशी सोळा वर्षे महिला जगज्जेती होती. १९६३-६४च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत तिने चॅलेंजर्स गट जिंकला होता. ग्रँडमास्टर हा किताब मिळवणारी ती जगातली पहिली स्त्री. मालिकेतला प्रसंग १९६८चा आहे आणि तोवर ती किमान ५९ पुरुषांशी खेळली होती, असे तिने सप्टेंबर २०२१मध्ये नेटफ्लिक्सवर लावलेल्या दाव्यात नमूद आहे. दाव्यात नुकसानभरपाई मागितली होती ५० लाख डॉलरची. न्यायालयाने तो फेटाळण्यास नकार दिला आणि पुढच्या वर्षी तडजोड झाली.

समीक्षकाच्या दृष्टीने खरा पुरावा न्यायालयाबाहेर आहे. मालिका ज्या कादंबरीवर बेतली ती वॉल्टर टेव्हिसची, १९८३ सालची. तिथे याच ठिकाणी नोनाचा उल्लेख येतो. ती या स्पर्धेच्या तोडीची नाही असे टेव्हिस मानतो, पण रशियन ग्रँडमास्टरांशी ती अनेकदा खेळली आहे हेही सांगतो. म्हणजे माहिती हाताशी होती. पटकथेत ती उलटी झाली. का झाली असावी? बेथ एकमेव ठरावी म्हणून, असे मला वाटते. एका बाईची उंची दाखवायला दुसरीला पटावरून उचलून ठेवणे, ही ती वजाबाकी.

ही चूक केवळ तपशिलाची नाही. असामान्य, एकट्या प्रतिभावंत मुलीची गोष्ट सांगितली, की विषमतेचे उत्तर प्रतिभा हे ठरते. पहिल्या स्पर्धेत थोडी हेटाळणी होते, मग हरलेले पुरुष बेथचे मित्र आणि मदतनीस होतात. जागतिक क्रमवारीत आठव्या स्थानापर्यंत पोचलेल्या ज्युडिट पोल्गारने मालिकेबद्दल बोलताना नेमके यावरच बोट ठेवले: हे पुरुष बेथशी फारच चांगले वागतात. ज्युडिटची थोरली बहीण सुसान हिचा अनुभव वेगळा होता. १९८७च्या आरंभी जागतिक महासंघाने स्त्री खेळाडूंच्या गुणांकनात शंभर गुणांची वाढ केली, त्यातून फक्त सुसानला वगळले. स्त्रिया आपसांतच खेळतात म्हणून त्यांचे गुण कमी पडतात आणि सुसान पुरुषांशी खेळते, असा त्यामागचा तर्क. पुरुषांशी खेळण्याची किंमत म्हणून महिलांच्या यादीतले तिचे पहिले स्थान गेले. असा अडथळा प्रतिभेने ओलांडता येत नाही, कारण तो पटावर नसतोच. तो नियमावलीत असतो.

नियमावलीशी झालेली अशी एक लढाई मराठी वाचकाच्या घरची आहे. ‘नवाकाळ’चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या तीन मुली. राष्ट्रीय महिला स्पर्धा १९७४मध्ये सुरू झाली आणि पहिले विजेतेपद वासंतीने मिळवले. १९७६मध्ये तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली तेव्हा गदारोळ झाला. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, निकाल तिच्या बाजूने लागला, आणि स्त्रियांना राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून वगळता येणार नाही असा निर्णय महासंघाचे अध्यक्ष मॅक्स यूव्ह यांना द्यावा लागला. या गोष्टीत प्रतिभा आहेच. पण बहिणी आहेत, पाठीशी उभे राहिलेले घर आहे, न्यायालयाचा कागद आहे. पडद्यावर हे कंटाळवाणे दिसेल. दार उघडले ते मात्र याच गोष्टींनी.

यावर एक आक्षेप येऊ शकतो: मग महिलांच्या वेगळ्या स्पर्धा आणि कमी गुणांचे वेगळे किताब हवेत कशाला? ग्रँडमास्टर होण्यासाठी २५०० गुणांकन लागते, महिला ग्रँडमास्टरसाठी २३००. ही सवलत अपेक्षाच खाली आणते, हा युक्तिवाद मला बिनतोड वाटत नाही. जुलै २०२५मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयाने तिला पूर्ण ग्रँडमास्टर किताब मिळाला. अंतिम फेरीत समोर होती कोनेरू हंपी, २००२मध्ये ग्रँडमास्टर झालेली पहिली भारतीय स्त्री. म्हणजे खुल्या दालनाची वाट वेगळ्या दालनातून गेली, आणि तिथे दिव्याची कसोटी पाहायला आधीच्या पिढीची हंपी बसलेली होती. हा सामना झाला बातुमीत, नोनाच्या जॉर्जियात.

त्याच दिव्याने २०२४च्या जानेवारीत, वाइक आन झे इथल्या स्पर्धेनंतर, प्रेक्षक तिच्या चालींपेक्षा तिचे कपडे, केस आणि उच्चार यांवरच बोलतात अशी जाहीर तक्रार केली होती. म्हणजे दार उघडल्यावरही नजर बदलतेच असे नाही. ती नजर घडवण्यात गोष्टींचा वाटा मोठा असतो. मालिका पाहून पट मांडणाऱ्या मुलीला बेथ भेटते, ते चांगलेच आहे. पण बेथ कुणाच्याही आयुष्यात येणार नाही. नोना, रोहिणी, हंपी येऊन गेल्या आहेत, आणि आपल्या आधी कुणीच नव्हते असे त्या मुलीला वाटावे, हे नुकसान कोणत्याही तडजोडीने भरून निघणारे नाही.