महाविद्यालयीन संकेतस्थळांवरील चित्रे आणि लेझी लोडिंग : एक चिकित्सा

२०१७ मध्ये नॅकची सुधारित मूल्यांकन पद्धती आली आणि उपक्रमांचा पुरावा म्हणून जिओटॅग छायाचित्रांना महत्त्व प्राप्त झाले. परिणामी श्रमसंस्कार शिबिर, वृक्षारोपण, रक्तदान यांची छायाचित्रे महाविद्यालयांच्या संकेतस्थळांवर साठत गेली. शिंदखेड्यासारख्या तालुक्यातील विद्यार्थी मात्र हे संकेतस्थळ मोबाइलवर उघडतो ते प्रवेशाची सूचना वा परीक्षेचे वेळापत्रक पाहण्यासाठी. न मागितलेली छायाचित्रे त्याचा वेळ आणि डेटा दोन्ही खर्च करतात. यावर लेझी लोडिंग हा उपाय सुचविला जातो. त्याची उपयुक्तता व मर्यादा तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

लेझी लोडिंग म्हणजे वाचक चित्राच्या जवळ येईपर्यंत ते न मागविणे. पूर्वी त्यासाठी जावास्क्रिप्टचा आधार घ्यावा लागे. २०१९ मध्ये क्रोम ७६ ने एचटीएमएलमधील एका गुणधर्मानेच हे साध्य करून दिले. सफारीत ही सोय २०२२ मध्ये आली. ह्यूगोसारख्या, पाने आधीच बांधून ठेवणाऱ्या प्रणालीत हा गुणधर्म बांधणीच्या वेळीच सर्व चित्रांना जोडता येतो. मजकूर भरणाऱ्याला काही लक्षात ठेवावे लागत नाही आणि जुनी पानेही एकाच फेरीत सुधारतात. हे या पद्धतीचे खरे सामर्थ्य होय.

तथापि सरसकटपणा हाच तिचा दोषही आहे. पान उघडताच दिसणारे चित्र लांबणीवर टाकले, तर पान उलट संथ भासते. वर्डप्रेस पाने मागणीनुसार तयार करते, तरी तिचा अनुभव येथे बोधप्रद ठरतो. ऑगस्ट २०२० च्या ५.५ आवृत्तीत तिने हा गुणधर्म चित्रांना आपोआप जोडला. जानेवारी २०२२ च्या ५.९ आवृत्तीत मजकुरातील पहिले चित्र त्यातून वगळावे लागले.

दुसरी मर्यादा जागेची. चित्राची लांबी-रुंदी आधी नोंदविलेली नसेल, तर ते उशिरा येताच खालचा मजकूर सरकतो आणि वाचणाऱ्याची ओळ हरवते. तिसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. चार एमबीचे छायाचित्र उशिरा आले तरी चार एमबीचेच राहते. शिवाय क्रोमने २०२० मध्ये ठरविलेल्या अंतरांनुसार फोरजीवर चित्र १२५० पिक्सेल दूर असताना मागविले जाते, तर संथ जोडणीवर २५०० पिक्सेल दूर असतानाच. अर्थात, ज्याचे नेटवर्क दुबळे, त्याचीच बचत कमी.

सारांश, बांधणीच्या वेळी लेझी लोडिंग जोडणे स्वागतार्ह आहे. परंतु त्याच टप्प्यावर चित्रांचा आकार घटविणे, लांबी-रुंदी नोंदविणे आणि अग्रस्थानचे चित्र वगळणे अनिवार्य मानले पाहिजे. कोणते चित्र आधी हवे, हा निर्णय यंत्राचा नसून संपादनाचा आहे. पुराव्याची छायाचित्रे स्वतंत्र पानावर ठेवून सूचना प्रथम दाखविणारे महाविद्यालयच विद्यार्थ्याला केंद्रस्थानी मानते, असे म्हणता येईल.