चौकटीतले मुखपृष्ठ

जुन्या नियतकालिकांची सचित्र मुखपृष्ठे जमवून ती काचेच्या चौकटीत भिंतीवर लावण्याचा छंद आपल्याकडे बराच रुजला आहे. छंद वाईट नाही. परंतु मुखपृष्ठ म्हणजे एक स्वतंत्र चित्र, हे त्यामागील गृहीतक मात्र स्वीकारता येत नाही.

दीनानाथ दलालांचेच उदाहरण घेऊ. गोव्यात १९१६ साली जन्मलेल्या आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या या चित्रकाराने १९४५ साली 'दीपावली' सुरू केला. मुखपृष्ठकार कुंचला हाती घेतो तेव्हाच अंकाचे नाव कोठे येणार हे त्याला ठाऊक असते. ती जागा तो राखून ठेवतो आणि आकृतीचा तोल त्या अक्षरांशी साधतो. संग्राहक मात्र चौकट सुबक दिसावी म्हणून नाव, वर्ष व किंमत पुठ्ठ्याच्या कडेखाली दडवतो. मग दलालांची ती लयदार रेषा वर कोठे झेपावते आहे, तेच कळेनासे होते. रघुवीर मुळगावकरांच्या मृदू, उजळ छटांच्या आकृती हा आघात काहीशा सोसतात, कारण तेथे चेहराच सर्वस्व असतो. दलालांचे सामर्थ्य रचनेत आहे. कात्री लागली की तेच प्रथम जाते.

शिवाय हे मूळ चित्र नव्हेच. भिंग धरून पाहावे : रंगीत ठिपक्यांची जाळी दिसेल. मूळ चित्राचे रंग निरनिराळे करून त्यांचे ठसे बनवले जात आणि ते कागदावर एकावर एक छापले जात. एखादा ठसा केसभर सरकला तर ओठांची लाली गालावर उतरे! त्या काळच्या छापखान्याची ही खूण मला तरी प्रिय वाटते.

संग्राहकांचे एक ऋण मान्य केलेच पाहिजे. अनेक ग्रंथालयांनी अंकांची बांधणी करताना मुखपृष्ठे व जाहिराती काढून टाकल्या. त्यांतील कितीतरी याच मंडळींमुळे वाचली. म्हणूनच ती उन्हाच्या भिंतीवर टांगलेली पाहवत नाहीत. पिवळा आणि तांबडा रंग आधी विटतो, मागे निळसर काळी छाया उरते. त्यापेक्षा अखंड अंक काचेच्या पेटीत आडवा ठेवावा, शेजारी त्याच्या अनुक्रमणिकेची प्रत लावावी, आणि काही आठवड्यांनी तो पुन्हा अंधाऱ्या कपाटात जावा.